कॉम्प्युटरचा इसार

मलकापूर, ता. कराड
२ सप्टेंबर १९९८

चि. ऋषिराज,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, त्याबद्दल आधी आभार. न फोडता ठेवून दिलं असतंस तरी मला तक्रारीला जागा नव्हती. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय तीही एका खरेदीच्या चौकशीसाठी.

जुलैत तू कुरिअरने आईला पाठवलेली सीडी मिळाली. सोबतची चिठ्ठी तिने माझ्याकडून वाचून घेतली. 'आई, बैलगाडीच्या शर्यतीचा हा गेम आम्ही पाच-सहा जणांनी मिळून केलाय. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर लावून बघ.' चिठ्ठी आईच्या नावाची होती. पण मोठ्याने वाचली मी, तेव्हा त्यातला थोडा वाटा माझाही झाला, असं धरून चाललो आहे.

कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर, हेच अवघड निघालं. इथल्या क्लासवाल्याकडे नेली. त्याच्या मशीनवर नुसता काळा पडदा आला. हे आमच्या मशीनला झेपणार नाही, म्हणाला. तेव्हापासून सीडी देव्हाऱ्यात आहे. आई रोज तिला कुंकू लावते, आणि तेही चकाकत्या बाजूला.

आता घरातच कॉम्प्युटर घ्यायचा असं मी ठरवलं आहे. दुसरं काही त्यावर करायचं नाही. तुझा गेम त्यावर चालला पाहिजे आणि तुझ्या आईला तो घरात बसून बघता आला पाहिजे, एवढंच काम. सांगलीत एका दुकानात कंपनीचं तयार जोडलेलं मशीन आलं आहे. दुकानदार त्याला 'गेमिंग मॉडेल' म्हणतो. माहितीपत्रकावरून उतरवून देतो: पेंटियम टू, ३०० मेगाहर्ट्झ. रॅम ३२. हार्ड डिस्क ४.३. थ्रीडी ग्राफिक्स. पंधरा इंची रंगीत मॉनिटर, दोन स्पीकर, एक जॉयस्टिक, तीन गेम फुकट. किंमत एकाहत्तर हजार पाचशे.

पलटणीत अठ्ठावीस वर्षं क्लार्की केली. बुटाच्या लेसपासून जनरेटरपर्यंत खरेदीचे कागद माझ्या हातून गेले. तीन कोटेशनं पुढ्यात ठेवली की वस्तू किमतीच्या लायकीची आहे की नाही, हे मी सांगू शकत होतो. ह्या वस्तूचं मला सांगता येत नाही. ज्याला सांगता येईल असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याला मी ब्याण्णव साली घराबाहेर काढलं. कवठे महांकाळच्या लालासाहेबांना, माझ्या पलटणीतल्या जोडीदाराला, मी शब्द दिला होता की त्यांची मुलगी आमची सून होईल. तू नाही म्हणालास. मी शब्द धरला आणि तुला सोडलं. त्याबद्दल ह्या पत्रात लिहीत नाही. विषय खरेदीचा आहे.

घ्यावं की घेऊ नये, एवढंच कळव. मायना, सही काही नसलं तरी चालेल.

नाथाजी शेलार
(सवयीने नावापुढे हुद्दा लिहिला होता, तो खोडला.)


मलकापूर
१२ सप्टेंबर १९९८

चि. ऋषिराज,

तुझं पान मंगळवारी मिळालं. आभार. टाईप केलेलं, सात मुद्दे, वर नाव नाही, खाली सही नाही. मीच तशी मुभा दिली होती. आईने विचारलं, "काय म्हणतंय पोरगं?" मी म्हटलं, रॅमच्या किती जागा रिकाम्या आहेत ते विचारतोय. ती म्हणाली, "मग सांगा की त्याला. इचारतंय ते काय कमी हाय?"

सातवा मुद्दा मी तिला दोनदा वाचून दाखवला. 'चकाकत्या बाजूला कुंकू लावू नये. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावे.' तिने पुसली.

गुरुवारी सांगलीला जाऊन आलो. सोबत अर्जुनाला नेलं. बैलांचे सौदे जुळवण्यात त्याचा जन्म गेला हे तुला माहीत आहे. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, त्यालाही कळत नाही. पण विकणाऱ्याचा चेहरा त्याला वाचता येतो. दुकानदार राजस म्हणून आहे, तुझ्याच वयाचा असेल, सभ्य मुलगा. मशीन त्याने टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"याचं तोंड उघडा," अर्जुना म्हणाला.

"म्हणजे?"

"आवं, झाकण काढा. आत दात किती हायती ते बघू द्या."

"मागे कंपनीचं सील आहे काका. ते तुटलं की वॉरंटी गेली."

अर्जुना माझ्याकडे वळला. "तोंड उघडू देत न्हाई ते जनावर जुळल्यालं असतंय, नाथा." जुळलेलं म्हणजे सगळे दात येऊन वय झालेलं, हे मी राजसला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हे मॉडेल ह्या जूनमधलंच आहे." अर्जुना म्हणाला, "समदी हेच सांगत्यात."

त्यामुळे तुझ्या पहिल्या तीन मुद्द्यांची उत्तरं आतून मिळाली नाहीत. म्हणून मी मशीनची पाठ कागदावर काढून घेतली. कुठली वायर कुठे लागते, कुठली पट्टी बंद आहे, सगळं जागच्या जागी. ते चित्र सोबत जोडलं आहे. मोजमाप पट्टीने घेतलं आहे.

तुझ्या सहाव्या मुद्द्याप्रमाणे गेम दहा मिनिटं न चालवता दोन तास चालवायला लावला. राजस म्हणाला, दोन तास कशाला? अर्जुना म्हणाला, "दोन तास औताला जुंपल्याबिगर दम कळतोय व्हय?" मग राजसच खेळत बसला. आम्ही मागे खुर्च्या टाकून बघत होतो. मशीन कुठे अडलं नाही, तापलंही नाही. अर्जुनाने एक खोट काढली, ती तुझ्या कामातली आहे म्हणून कळवतो. त्याच्या मते डाव्या बाजूचा बैल वळणावर आधी वळतो, तसा खरा बैल कधी वळत नाही. "पर पळत्यात झ्याक," असंही म्हणाला.

गेम शेवटपर्यंत गेला. शेवटी करणाऱ्यांची नावं आली, तीही पाहिली.

त्यानंतर अर्जुनाने खांद्यावरचा टॉवेल काढून राजसच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखालून त्याची बोटं दाबली. राजस घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बैलबाजारात भाव असाच बोटांनी सांगतात, साठ हजार म्हणतोय.

"काका, किंमत छापील आहे."

"छापील किंमत पेपराची असती. जनावराची न्हाई."

शेवटी राजसने हात बाहेर काढून घेतला आणि तोंडाने सत्तर हजार सांगितले, वर स्टॅबिलायझर फुकट. पितृपंधरवड्यात मशीन घरी आणता येत नाही, म्हणून दसऱ्याला न्यायचं ठरलं. मी एक हजार एक रुपये इसार दिला आणि हातावर हात मारला. राजस पावती करायला लागला. मी म्हटलं, पावती नको, शब्द झाला. अर्जुना साक्षीला.

तुझ्या उत्तराची वाट बघून मगच इसार द्यायला हवा होता. पंधरवडा असल्यामुळे वेळही होता. का थांबलो नाही ते आत्ता लिहीत नाही. तू फक्त चित्र बघून सांग.

आबा


मलकापूर
२३ सप्टेंबर १९९८

चि. ऋषिराज,

दुसरं पान मिळालं. चित्रावरून तू मशीनच्या पोटातलं ओळखलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. मॉनिटरची वायर कीबोर्डच्या शेजारीच लागते, म्हणजे ग्राफिक्सचं कार्ड वेगळं नाही, मदरबोर्डवर, म्हणजे मूळ पाटीवरच डकवलेलं आहे, पुढे बदलता येणार नाही. रॅम वाढवायला जागा असेल की नाही याची खात्री नाही. आज तुमचा हा गेम चालेल, पण तुम्ही पुढच्या वर्षी जो करताय तो चालणार नाही. हेच सगळं सुटं घेऊन जोडलं, वर रॅम दुप्पट आणि कार्ड वेगळं, तर पन्नासच्या आत बसतं; सुट्या भागांची यादीही तू दिली आहेस. तुझं शेवटचं वाक्य तसंच्या तसं लिहितो: 'मशीन वाईट नाही. ह्या किमतीच्या लायकीचं नाही. घेऊ नका.'

एवढं स्वच्छ उत्तर मला पलटणीत कुठल्या इंजिनिअरने दिलं नव्हतं. त्याबद्दल आभार.

त्याखाली पेनाने लिहिलेली एक ओळ आहे. 'तुम्ही दिलेला शब्द मोडणार नाही हे मला माहीत आहे. मग मला का विचारलंत?'

ह्या ओळीबद्दलही आभार मानतो. ती टाईप केलेली नव्हती.

आता उत्तर देतो. मी खरंच मशीनबद्दल विचारत होतो. विचारून, तू म्हणशील तेच करायचं, असं ठरवून सांगलीला गेलो होतो. गेमच्या शेवटी नावं आली. इंग्रजीत, खालून वर सरकत. तुझं तिसरं होतं. 'ऋषिराज नाथाजी शेलार.' बाकीच्या मुलांनी नुसतं नाव आणि आडनाव दिलं होतं. तू मधलंही दिलं होतंस. ते वर जाऊन दिसेनासं झालं तेव्हा मी राजसला म्हटलं, पुन्हा आण. तो म्हणाला, त्यासाठी परत पूर्ण शर्यत जिंकावी लागेल काका. मग त्याने परत जिंकली. दोन तास चालवल्याचं मी तुला लिहिलं, ते खरं साडेतीन तास होते.

त्यानंतर किंमत, पाठीमागचं चित्र, तुझे मुद्दे, कशाचं भान राहिलं नाही. इसार देऊन बसलो. तीन कोटेशनांशिवाय पेन्सिल न घेणारा माणूस मी.

आता अडचण अशी. दसरा एक तारखेला आहे. बाजारात इसार दिला की व्यवहार पुरा झाला असं आम्ही लोक धरतो. दिलेला इसार परत मागितला तर माणूस बाजारातून उठला. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. अर्जुनाला तुझं पान दाखवलं. तो म्हणाला, "पोरगं खरं सांगतंय. पर आता उशीर झाला. घेऊन ये आन गप बस." माझाही विचार तसाच होता. वीस हजार जास्तीचे गेले तर गेले.

जेवताना आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "त्या येळला मी गप बसले. सासूबाई हुत्या, पावणं हुतं, तुमचा शब्द हुता. आता घरात आपन दोघंच हाय. पोरानं सा वर्सांनी एक गोष्ट सांगितली, घिऊ नका म्हनून. ती बी ऐकणार नसला तर ती सीडी मी परत पाठवते त्याला."

अजून ठरलेलं नाही. ठरलं की कळवतो.

आबा


मलकापूर
२९ सप्टेंबर १९९८

चि. ऋषिराज,

काल सांगलीला जाऊन शब्द मागे घेतला. मशीन घेतलेलं नाही.

सविस्तर लिहितो. अर्जुना साक्षीदार होता, तेव्हा त्याला नेणं भाग होतं. वाटेत तो दोनदा म्हणाला, "अजून परत फिर, गड्या." इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. दुकानात एक बाई प्रिंटरची शाई घ्यायला आली होती, तिचं होईपर्यंत उभा राहिलो. राजस म्हणाला, बसा काका. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं की मशीन घेत नाही, शब्द मोडतो आहे, चूक माझी आहे, इसार तुझा.

राजस म्हणाला, "बरं काका. काही हरकत नाही." आणि गल्ल्यातून हजार रुपयांच्या नोटा आणि एक रुपया काढून माझ्यापुढे ठेवला.

ऋषी, पाच-सहा दिवस झोप धड लागली नव्हती. पंगतीतून उठवतील तसं वाटत होतं. आणि त्या मुलाने 'बरं काका' म्हटलं आणि चहा सांगितला. मी म्हटलं, अरे, मी शब्द दिला होता तुला. तो म्हणाला, "हो, पण आठवड्यातून दोघं-तिघं नाही म्हणतातच की. तुम्ही सांगायला आलात तरी. बाकीचे येतच नाहीत."

तिथे उभा असताना माझ्या मनात जे आलं ते तुला लिहायला हवं. लालासाहेबांकडे मी त्या वेळी गेलोच नव्हतो. मुलगा नाही म्हणतो, हे त्यांना समोर जाऊन सांगितलं नव्हतं. शब्द माझा, तो मोडायचा नाही, एवढं धरून बसलो. तू निघून गेल्यावर महिन्याने त्यांना दुसऱ्याकडून कळलं. आणि आता जे लिहितो ते मी आईलाही उशिरा सांगितलं आणि तुला तर सांगितलंच नाही. लालासाहेब चौऱ्याण्णव साली मला पेन्शनच्या रांगेत भेटले. मुलगी शिरवळला दिली होती, जावई तिथल्या कारखान्यात, पहिलं मूल झालं होतं. म्हणाले, "सुभेदार, तवाच येऊन सांगितलं असतंत तर मी काय खाणार हुतो तुमाला? पोरांच्या मनाचं हाय ते. ऋषिराजाला बोलावून घ्या." मी हो म्हटलं आणि घरी येऊन कुणाला बोललो नाही. ज्याला शब्द दिला होता त्याने चार वर्षांपूर्वीच मला मोकळं केलं होतं. तुला मोकळं करायला मी चार वर्षं जास्त लावली. त्याला कारण देता येईल असं काही नाही. शोधलं, सापडलं नाही.

राजसने ठेवलेले पैसे मी घेतले नाहीत. त्याला ते कळेना. अर्जुनाने समजावलं, "ठेव रं. न्हाईतर ह्यो माणूस इथनं हलायचा न्हाई." तेव्हा राजस म्हणाला, "मग असं करा, सुटे भाग माझ्याकडून घ्या. यादी असेल तर भाव सांगतो. इसार त्यात वळता करतो." मी तुझं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कुणी केलीय ही यादी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "परवाचा गेम त्यांचा?" हो म्हटलं. त्याने सगळ्याचे भाव कागदावर लिहून दिले. एकोणपन्नास हजार दोनशे. कागद सोबत आहे. घेऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मुलाला विचारून सांगतो. ह्या वेळी खिशात हात घातला नाही.

परत येताना पेठ नाक्यापर्यंत अर्जुना माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, तोही तुटला. मग म्हणाला, "तवा पोरगं घालवलंस, आता इसार घालवलास. ह्यो सौदा सवस्तात पडला, नाथा."

भाव बघ आणि कळव. तू सांगशील तसं.

आबा


मलकापूर
१३ ऑक्टोबर १९९८

चि. ऋषिराज,

पुण्याला सुखरूप पोचल्याचं तू शेजारच्यांच्या फोनवर कळवलंस, आईला निरोप मिळाला. आभार. शनिवारची एस.टी. चुकली तर रविवारी येईन असं तू लिहिलं होतंस, तरी मी शनिवारी सकाळी आठपासून फाट्यावर होतो. तू साडेअकराला उतरलास. आत्ताच आलो, असं मी तुला म्हणालो. ते दुरुस्त करून घे.

मशीन नीट चालू आहे. काल आईने पहिली शर्यत पुरी केली. जिंकली नाही. गाडी कुंपणात घालते आणि बैलांना रागावते. उजवीकडे वळायचं बटण तू दाखवलं होतंस, पण ती अजून स्वतःच उजवीकडे वाकते. वाडीवरच्या बनुबाई बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, केवढ्याला पडलं? आई म्हणाली, "पोरानं जोडलंया. किंमत लावायला आणलं न्हाई." मी खरी किंमत सांगणार होतो, गप्प बसलो.

अर्जुना रोज येतो. बैलाचं वळण तू पुढच्या गेममध्ये सुधारणार आहेस, हे त्याने इतक्या जणांना सांगितलंय की आता तुला ते करावंच लागेल. वळणावरचा आतला बैल कसा पाय टाकतो ते त्याने तुला अंगणात चालून दाखवलं, तेव्हा तू वहीत लिहून घेतलंस. तो घरी जाऊन म्हणाला म्हणे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी लिहून घेतलं.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. शनिवारी दुपारची गोष्ट, तू विसरणार नाहीस. तरी माझ्या बाजूने ती कशी झाली ते लिहून ठेवावंसं वाटलं. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं.

तू सोप्यात पोतं अंथरून राजसकडून आणलेले सगळे भाग मांडले होतेस. आईला हात लावू दिला नाहीस आणि मला टॉर्च धरायला सांगितलंस. इकडे धरा, थोडं खाली, आता वर, एवढंच दोन तास आपलं बोलणं. मला ते पुरेसं होतं. एकेका भागाचं नाव तू सांगत होतास, मी न विचारता. हे कार्ड, हे पुढे बदलता येईल. ही रॅमची रिकामी जागा. पलटणीतून सुट्टीवर आलो की तू लहानपणी मला तुझी खेळणी अशीच एकेक दाखवायचास आणि मी पेपर वाचत हं म्हणायचो. ह्या वेळी पेपर नव्हता.

सगळं बसवून झालं. तू झाकण लावलंस आणि मागचा शेवटचा स्क्रू पिळायला घेतलास. मान वर न करता विचारलंस, "आबा, त्या दुकानात तुम्ही नक्की काय म्हणालात?"

पत्रात मी लिहिलं होतं की शब्द मोडतो, चूक माझी, इसार तुझा. ते सगळं खिशातल्या कागदावर होतं. पण तिथे उभा राहिलो तेव्हा कागद काढलाच नाही. एकच वाक्य बोललो होतो, बाकीचं नंतर. ते वाक्य पत्रात लिहिताना लाजलो, म्हणून गाळलं. तू विचारलंस तेव्हा सांगितलं.

"म्हटलं, माझा मुलगा नको म्हणतो."

स्क्रू पुरता बसला होता, मला टॉर्चच्या उजेडात दिसत होतं. तरी तू तो पिळत राहिलास, बराच वेळ. मी टॉर्च हलवला नाही.

आबा